जादा बुधवार

तुमच्या तक्त्यात बुधवार एकच आहे, असं फोनवरचा माणूस म्हणाला. मी तेव्हा पेन्सिलीला टोक करत होते आणि मान वाकडी करून फोन खांद्यात धरला होता. टोक मोडलं. ते त्या वाक्यामुळेच मोडलं असं काही नाही, पण पुढे दिवसभर मला तसंच वाटत राहिलं. बोलणारा माणूस ताफ्यातल्या पुढच्या जहाजाचा नेव्हिगेटर. दहा महिन्यांत मी त्याला एकदाही पाहिलेलं नाही. मला तो आवाजाने माहीत आहे, आणि आवाजही सरळ येत नाही, आधी वर उपग्रहाकडे जातो आणि मग माझ्या टेबलावर उतरतो. त्यामुळे त्याचं वाक्य संपलं की एक पोकळी राहते, सेकंदभराची. पहिले काही महिने मला वाटायचं की तिच्यात समुद्र ऐकू येतो. नंतर कळलं, तो आमच्याच खोलीतला पंखा. त्या पोकळीत मी तक्त्यावरून बोट फिरवलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. एकच होता. 'बाई, आपण रेषा ओलांडतोय,' तो म्हणाला. 'पश्चिमेकडून पूर्वेकडे. आम्हाला बुधवार दोनदा येणार.'

वाररेषा. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीच्या पाठीवर एक वाकडीतिकडी रेघ होती आणि खाली लिहिलं होतं, ही रेषा पूर्वेकडे ओलांडली की तोच वार पुन्हा धरावा. 'धरावा' हा शब्द मला तेव्हा फार आवडला होता. वार म्हणजे जणू दोरीवर वाळत घातलेला कपडा, वाऱ्याने उडून चालला तर पुन्हा धरावा. आठ वर्षं मी या खोलीत बसून जहाजांच्या बंदरभेटी आखते. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या आठवड्यात त्याला हीच गोष्ट सांगते, आणि तो विसरला की हसते. आता हसायची पाळी दुसऱ्या कोणाची तरी होती. पण चूक कशी झाली ते मला लगेच कळलं, कळून थोडं बरंही वाटलं. परतीचा तक्ता मी केला तेव्हा बाळंतपणाच्या रजेवरून येऊन मला आठवडा झाला होता. त्या साडेपाच महिन्यांत माझ्या आयुष्यातून वार निघूनच गेले होते. दुधाची वेळ होती, लंगोटांची वेळ होती, चिमूटभर झोप होती. आज काय वार, असं सासूबाईंनी विचारलं की मी खिडकीबाहेर बघायचे, तिथे कुठे लिहिलेलं असल्यासारखं. वार हा शब्द मी त्या काळात एकदाच नीट ऐकला होता, तोही पहिल्याच दिवशी. मुलगी झाल्यावर नर्स म्हणाली होती, वार पडली, सुटलात, आता निवांत पडा. मी ग्लानीत विचारलं होतं, कोणता वार? नाळेची वार हो, म्हणून ती खूप हसली होती.

आणि त्या वाराचाही घोळच आहे. मुलगी झाली मंगळवारी, दुपारी. आम्ही रेषेच्या पूर्वेला राहतो; तिचा बाप तेव्हा रेषेच्या पलीकडे, पश्चिमेला होता, तिथे बुधवार उजाडलेला होता. त्याने आपल्या वहीत लिहिलं, बुधवारी मुलगी झाली. सासूबाई म्हणतात, मंगळवारची आहे, म्हणून एवढी तापट. तो म्हणतो, बुधवारची आहे. मुलीला कोणी विचारलेलं नाही. गेले कित्येक महिने आमचं असंच चाललंय. मी सोमवारी फोन केला तर तो मंगळवारात असतो, मी दुपारचं जेवण सांगते तेव्हा तो दुसऱ्या दिवशीचा चहा पीत असतो. तो उद्यात राहतो आणि मी त्याच्या कालात. एकदा मी चिडून म्हटलं होतं, मग तुला सगळं आधीच माहीत असेल, सांग की उद्या ती झोपू देणार आहे का मला. तो म्हणाला होता, इथलं उद्या वेगळं आहे गं. इथे सगळे झोपतात.

तर एक दिवस जादा निघाला होता. मी तक्ता करताना समुद्रातले दिवस मोजले आणि ते सरळ तारखेत मिळवत गेले. एक बुधवार परत धरायचा राहिला. म्हणजे चारही जहाजं शेवटच्या बंदरात गुरुवारी नाही, दुसऱ्या बुधवारीच पोचणार. तिथून शुक्रवारी निघून दहा दिवसांनी सोमवारी घर, असं ठरलेलं आणि घरोघरी कळवलेलं. पण तिथे एकच दिवस थांबून गुरुवारी निघाले तर घर रविवारी. रविवार. सुट्टी. शाळेतली मुलं धक्क्यावर येऊ शकतील, म्हातारी माणसं येतील, कोणाला रजा मागावी लागणार नाही. नेव्हिगेटरलाही तेच दिसलं असणार. 'दिवस हातात आहे,' तो म्हणाला. 'कुठे घालायचा ते साहेबांना विचारून तुम्हीच ठरवा. इथे सगळे धरून चाललेत, घरीच घालणार.' मग पोकळी. मला वाटलं फोन ठेवला. 'एक सांगू का? तेलवालीला तुम्ही परतीत एकदाही धक्का दिलेला नाहीत. आज एक्कावन्न दिवस झाले.'

तेलवाली म्हणजे ताफ्यातलं चौथं जहाज. दोन लढाऊ, एक शिकाऊ पोरांचं, आणि हे एक तेलाचं, बाकीच्या तिघांना भर समुद्रात पाजत जाणारं. सुंदर नाही, वेगवान नाही. जडशीळ. त्याच्या इंजिनखोलीत माझा नवरा आहे.

मी फोन ठेवला आणि पेन्सिलीला पुन्हा टोक केलं. शेजारच्या टेबलावर हवामानबाई बसतात; जगातल्या सगळ्या समुद्रांवर कुठे ढग आहेत हे त्यांना माहीत असतं, फक्त घरून निघताना छत्री घ्यायचं माहीत नसतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, काय गं, तेलवाल्याने रुसून फोन ठेवला की काय. मी म्हटलं, नाही, नेव्हिगेटर होता, एक तारीख बघायची आहे. त्या म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याच्या जहाजावर एखादा ढग पाठवते, तेवढीच सावली. रोजचा विनोद. मी रोजच्यासारखी हसले. मग कपाटातून परतीचे सगळे कागद काढले. बंदरभेटीचा तक्ता लोकांना वाटतो तसा नसतो. लोकांना वाटतं, नकाशावर सुंदर सुंदर ठिकाणी टाचण्या टोचायच्या. खरं म्हणजे पाणी किती भरायचं, कचरा कुठे उतरवायचा, ताजी भाजी कोणाकडून, दात दुखणाऱ्या तिघांना डॉक्टर कुठे मिळेल, शिकाऊ पोरांनी फुटबॉल खेळायचा तर मैदान रिकामं आहे का, मोठ्या साहेबांच्या मेजवानीला बँड उभा राहील एवढी जागा डेकवर आहे का. आणि सगळ्यात आधी, कोणतं जहाज धक्क्याला लागणार आणि कोणतं बाहेर नांगरावर राहणार. धक्का म्हणजे शिडी टाकली की जमीन. नांगर म्हणजे जमीन समोर, आणि मधे मैलभर पाणी. वारा नसेल, होड्या मिळाल्या, काम संपलं असेल तर माणसं होडीने जाऊन येतात. तेलवालीचं काम संपत नाही. बंदरात बाकीचे फिरतात तेव्हा तिचे लोक नळ्या जोडत असतात.

परतीत तीन बंदरं झाली होती. पहिल्यात धक्क्यापाशी खोली कमी, भरलेली तेलवाली टेकली असती. बरोबर. दुसऱ्यात तेलाचं जहाज गावाजवळ आणू नका असा बंदरवाल्यांचाच निरोप होता, कागद लावलेला होता. बरोबर. तिसऱ्यात सात नंबरचा धक्का होता. खोली पुरेशी. जागा रिकामी. माझ्याच अक्षरात शेजारी लिहिलेलं, 'शिकाऊ जहाजाला द्यावा'. का, ते लिहिलेलं नव्हतं. ते लिहिण्यासारखं नव्हतंच. शिकाऊ जहाज हलकं, ते पाच नंबरलाही मावलं असतं, पाचसुद्धा रिकामा होता. मी त्या ओळीकडे बघत बसले. ती लिहितानाची सकाळ मला स्वच्छ आठवली. सकाळी लिफ्टमध्ये कोणीतरी कोणालातरी म्हणालं होतं, बाईंचा माणूस तेलवालीवर आहे ना, मग काय, तिला सगळीकडे पहिल्या नंबरचा धक्का. ते चेष्टेत म्हणालं होतं. मीही हसले होते. आणि वर येऊन, खुर्चीत बसून, पेन्सिल घेऊन मी ती ओळ लिहिली होती. लिहिताना मला स्वतःबद्दल चांगलं वाटलं होतं. हे सगळ्यात वाईट. आपण किती सरळ आहोत, असं वाटून मी चहा मागवला होता.

त्या जहाजावर एकशे दहा माणसं आहेत. माझा नवरा त्यातला एक. बाकीच्या एकशे नऊजणांनी माझं काय केलं होतं?

त्याची पत्रं मी कामाच्या कॉम्प्युटरवर वाचत नाही, तसा माझा नियम आहे. आज फोनवर उघडली, टेबलाखाली धरून, वर्गात चिंच खावी तशी. त्याची पत्रं छोटी असतात. इंजिन ठीक. मी ठीक. टगुलीचा नवा फोटो पाठव. टगुली हे त्याने ठेवलेलं नाव. टग म्हणजे ती छोटी होडी, मोठ्या जहाजांना ओढत धक्क्याला नेणारी. मुलगी पडद्यावर दिसली तेव्हा माझा कान धरून ओढत होती, तो म्हणाला, अरे ही तर टग आहे. सासूबाईंना ते आवडत नाही, मुलीच्या जातीला होडीचं नाव कसलं म्हणतात, पण हाक मारायची वेळ आली की त्याच आधी टगुले म्हणून ओरडतात. तर पत्रं. पहिल्या बंदरातलं: बंदर इथून छान दिसतं, डोंगर आहे मागे. दुसऱ्यातलं: इथून बंदर छान दिसतं, संध्याकाळी दिवे लागले की मोजत बसतो. तिसऱ्यातलं, फक्त एवढंच: बंदर इथून छान दिसतं. मी तेव्हा ती वाचली होती आणि मला डोंगर दिसला होता, दिवे दिसले होते. तिसऱ्या वेळी मी मनात म्हटलं होतं, याला वर्णनच जमत नाही. आज त्या तीन पत्रांत मला फक्त 'इथून' दिसत होतं. ते प्रत्येक पत्रात होतं, आणि मी ते दरवेळी वगळून वाचलं होतं. त्याने एकदाही म्हटलं नव्हतं की आम्ही खाली उतरलो नाही. तक्ता कोण करतं हे त्याला माहीत होतं. सातला हलकं शिकाऊ जहाज लागलेलं आणि पाच रिकामा, तेही त्याला मैलभरावरून नक्की दिसलं असणार.

साडेबाराला माझी वेळ होते. आमच्याकडे बायकांसाठी वेगळी खोली नाही, म्हणून मी जुन्या नकाशांच्या कोठारात जाऊन दूध काढते. आतून कडी लावते, उलट्या बादलीवर बसते. भोवती समुद्रांच्या गुंडाळ्या, बदललेल्या किनाऱ्यांच्या, रद्द झालेल्या. कागदाला जुनाट, गोडसर वास आहे आणि पंप हळूहळू कुरकुरतो. तिथे मला रोज वीस मिनिटं मिळतात, कोणाचीही नसलेली. मी रविवारचा विचार केला. रविवारी तो येईल. शिडीवरून उतरेल. मी तिला कडेवर घेऊन उभी असेन. आणि ती रडेल. आठव्या महिन्यात लागलीय ती अनोळखी माणसाला बघून रडायला. परवा टपालवाल्याला बघून निळी पडली. पडद्यावरच्या बापाला ती ओळखते, त्याला चाटते, पण पडद्यावरचा बाप तळहाताएवढा असतो आणि त्याला वास नसतो. हा केवढा तरी असेल, तेलाचा वास असलेला, आणि थेट जहाजावरून आलेला माणूस जमिनीवर उभा राहिला तरी डुलत असतो, ते मी पाहिलंय, दोन दिवस भिंत धरून वळतात. मी डोळे मिटून रविवार जवळ आणून बघितला आणि मला कळलं की मला तो नको आहे. नवरा हवा होता, रविवार नको होता. हे कोणाला सांगायचं? दहा महिने वाट बघणारी बाई एक दिवस आधी नको म्हणते, असं कोणी ऐकलंय का? आणि तो दिवस तेलवालीला धक्क्यासाठी द्यायचा हा मोठेपणा तिच्यासाठी आहे की माझ्याच भीतीसाठी, हे मला त्या बादलीवर बसून ठरवता येईना. सातव्या नंबरच्या वेळीही मला वाटलं होतं की मी सरळच वागतेय. दूध भरलं. बाटलीला बूच लावलं, तारीख लिहिली, आणि सवयीने वारही.

घरी गेले तर ऊन अजून गॅलरीत होतं. सासूबाई खाली बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि टगुली त्या घड्या मोडत होती. दोघींचं काम जोरात चाललं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सासूबाई रोज एक चौकोन खोडतात, काजळाच्या पेन्सिलीने, कारण ती त्यांना सापडते. सोमवारच्या चौकोनात त्यांनी काही लिहिलेलं नाही, नुसतं एक टिंब आहे, तीट लावल्यासारखं. मी हातपाय धुतले, मुलीला पाजायला घेतलं, आणि ती पीत असताना, माझ्याकडे कोणी फार रोखून बघणार नाही अशा वेळी, मी त्यांना सगळं सांगितलं. दोन बुधवार, रविवार, सात नंबरचा धक्का, सगळं. वाररेषा त्यांना लगेच पटली. म्हणाल्या, म्हणजे मंगळवारचं आणि बुधवारचं भांडण त्या रेघेमुळेच होय. मग बराच वेळ त्या एक झबलं घडी करत राहिल्या. तेवढ्याशा झबल्याला एवढ्या घड्या पडत नाहीत.

'एक दिवस आधी येऊ शकतो,' त्या म्हणाल्या, 'आणि तू नको म्हणणार.'

'अजून म्हटलं नाही, आई. तुमच्याशी बोलते आहे.'

'माझा तो एकुलता एक आहे.'

मुलीने पिणं थांबवून आमच्याकडे आळीपाळीने बघितलं आणि पुन्हा कामाला लागली. सासूबाईंनी झबलं बाजूला ठेवलं. मग त्या एकदम वेगळंच सांगायला लागल्या. त्यांचे यजमान, म्हणजे माझे सासरे, मी त्यांना फोटोतच पाहिलंय, धरणाच्या कामावर असायचे, सहा सहा महिने. एकदा आले ते सरळ ट्रकमधून उतरून, सिमेंटने पांढरे झालेले, दाढी छातीपर्यंत, आणि आल्या आल्या पोराला उचललं. पोरगं असं किंचाळलं की शेजारी धावत आले. मग टेबलाखाली जाऊन बसलं ते दोन दिवस बाहेर येईना. त्याची ताटली टेबलाखाली सरकवावी लागायची. ते पोरगं म्हणजे माझा नवरा. पुढच्या वेळेपासून सासरे आधी धर्मशाळेत उतरायचे. एक दिवस. दाढी, आंघोळ, झोप, धुतलेले कपडे. मगच घरी यायचे. 'मी चिडायचे,' सासूबाई म्हणाल्या, 'घर असून धर्मशाळेत कसले राहता म्हणून. ते म्हणायचे, तो टेबलाखाली बसला होता ना, ते मला दिसतं.' त्यांनी झबलं पुन्हा उचललं. 'त्या बंदरात न्हावी असेल का गं?'

मी म्हटलं, चौकशी करते.

'कर. तक्त्यात घाल.'

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. साहेब पूर्वी जहाजावर होते. आता गुडघे गेल्यामुळे जमिनीवर आहेत आणि त्याबद्दल जमिनीवर रागावलेले असतात. त्यांना कोणी लांबण लावलेली खपत नाही, म्हणून मी उभ्या उभ्याच सांगितलं. चूक माझी. बुधवार एक कमी धरला. त्यामुळे शेवटच्या बंदरात एक दिवस जादा आहे. मेजवानी गुरुवारची, निमंत्रणं गेलेली, पुढचं जहाज खोल धक्क्याला गुरुवारीच लागणार. म्हणजे बुधवारी तो धक्का मोकळा. तो तेलवालीला द्यावा, पूर्ण दिवस, आणि त्या दिवशी तिच्याकडून कोणी तेल घेऊ नये. घरी यायचं सोमवारीच. साहेबांनी रविवारचं विचारलं. मी म्हटलं, मेजवानी बुधवारी ओढली तर रविवारी येता येईल. मग तेलवालीचे लोक एकाहत्तर दिवसांनी जमिनीवर उतरतील, थेट घरच्यांसमोर. बुधवार दिला तर साठाव्या दिवशीच. साहेब खिडकीकडे बघत होते. म्हणाले, लोक बोलतील.

'माझा नवरा त्या जहाजावर आहे, तेही कागदावर लिहिते, साहेब. खाली माझी सही असेल. आणि तिसऱ्या बंदरात सात नंबरचा धक्का तिला द्यायला हवा होता. तो मी दिला नाही, लोक बोलतील म्हणूनच.'

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला. त्यांचं पेन चालत नव्हतं, ते त्यांनी झटकलं, मग माझ्याकडची पेन्सिल मागितली आणि पेन्सिलीनेच सही केली. 'सातचं मला तेव्हाही दिसलं होतं,' ते कागदाकडे बघून म्हणाले. 'मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही रडला असता असं वाटलं. नुकत्या रजेवरून आला होतात.' मी म्हटलं, रडले असते. ते म्हणाले, मग रडायचं होतं, एकशे दहा माणसं फिरून आली असती. मला बाहेर येईपर्यंत कळेना की ते रागावले होते की काय. दारातून त्यांनी पुन्हा हाक मारली. नवीन माणसांना वाररेषा यापुढे हवामानबाई शिकवतील, म्हणाले.

आठवडाभर मी त्या एका बुधवारावर काम केलं, मुलीच्या बारशावरही केलं नसेल एवढं. ओढायला दोन टग. पाणी. भाजी. न्हावी दोन, सकाळी आठपासून, धक्क्याच्या फाटकाशी. फुटबॉलचं मैदान मिळत होतं, पण बंदरवाल्या माणसाने विचारलं की खेळणार का तुमचे लोक, तेव्हा मी म्हटलं, खेळणार नाहीत, नुसते चालतील. सरळ, सपाट, लांब रस्ता आहे का? तो फोनवर थोडा गोंधळला. मग म्हणाला, आहे, झाडंही आहेत. ते मी तक्त्यात लिहिलं, 'रस्ता, झाडं', कचऱ्याच्या आणि पाण्याच्या मधे. दरम्यान रविवारची गोष्ट बाहेर फुटलीच. जहाजांवर सगळ्यांना दोन बुधवार माहीत होते, हिशेब कोणीही केला असता. एकदा संध्याकाळी फाटकापाशी शिकाऊ जहाजावरच्या वाद्यवाल्याची बायको भेटली. तिची आई दवाखान्यात आहे, सोमवारी तिला रजा मिळणार नव्हती, मुलांना एकटं पाठवावं लागणार होतं. ती भांडली नाही. 'तुमच्या माणसाला धक्का मिळाला,' ती म्हणाली, 'आमचा रविवार गेला.' एकशे दहा हा आकडा तिच्यासमोर उच्चारायची मला लाज वाटली. मी म्हटलं, मुलांना मी घेऊन जाईन, तुमच्या आणि माझ्या, एकत्रच. ती बघते म्हणाली आणि निघून गेली. बघते म्हणजे नाही, हे मला कळतं. पण दुसऱ्या दिवशी तिने दोन मुलांच्या चपलांचे नंबर कळवावेत तसं, चिठ्ठीवर त्यांची वयं आणि कोणाचं उन्हाने डोकं दुखतं ते लिहून पाठवलं.

बुधवार आला. त्यांच्याकडचा पहिला बुधवार आमच्या मंगळवारातच होऊन गेला, इकडे कोणाला कळलंही नाही. दुसरा उजाडला तेव्हा आमच्याही भिंतीवर बुधवार होता. हे मी नऊ दिवस कागदावर बघत होते, पेन्सिलीने दोनदा लिहिलं होतं, तरी सकाळी मुलीला अंगडं घालताना ते मला एकदम लख्ख कळलं. जादा बुधवार असा काही नव्हताच. पहिला बुधवार त्याचा एकट्याचा होता, उद्यातला. हा दुसरा आमचा होता. आमच्याकडे तो असणारच होता, कधीही. नवराच एक दिवस थांबून आमच्या दिवसात आला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आमचा वार एक होता. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तेच तर, रेघ ओलांडली ना त्याने. मी गेल्या आठवड्यापासून हेच म्हणतेय. म्हटलं नव्हतं त्यांनी, पण असेल.

नवऱ्याचा फोन दुपारी आला, तीनच्या सुमाराला, टेबलावरच्या फोनवर नाही, माझ्या. हवामानबाईंनी नंबर बघितला आणि उगाचच फाईल घेऊन उठून गेल्या. आवाज जवळून आला. मी त्याचं वाक्य संपल्यावर पोकळीची वाट बघत राहिले आणि ती आलीच नाही, त्यामुळे आम्ही दोघं एकदम बोललो, एकदम थांबलो, पुन्हा एकदम बोललो. तो जमिनीवरच्या फोनवरून बोलत होता. म्हणाला, दोन टग आल्या होत्या ओढायला, लहानशा, तांबड्या, आपली टगुली अशीच ओढते. म्हणाला, शिडीवरून उतरलो आणि पहिल्या पावलाला पडलो, जमीन हलली नाही म्हणून. एकटा नाही, सगळेच. स्वैपाकी तर बसूनच राहिला आणि हाताने जमीन चाचपत होता. मग चाललो. दीड तास, काही न बोलता, झाडांच्या रस्त्याने, पुढे जाऊन परत येऊन पुन्हा पुढे. न्हाव्याने केस जरा जास्तच कापलेत, म्हणाला, आईला सांग, कान दिसतात. मी सांगते म्हटलं. त्याने मुलीबद्दल विचारलं. मी म्हटलं, रडेल बहुतेक, तुला बघून. आठव्या महिन्यात रडतात.

'हो,' तो म्हणाला, 'रडू दे. मी टेबलाखाली जाऊन बसेन.'

मी हसले, आणि त्याच वेळी दूध आलं, झटक्यात, दोन्ही बाजूंनी. मी फाईल छातीशी धरली. त्याला हे टेबल कोणी सांगितलं? की त्याला स्वतःलाच आठवत होतं? विचारणार होते, पण तो विचारत होता, तुमच्याकडे आज काय वार.

'बुधवार.'

'इथेही,' तो म्हणाला. मग थोडं थांबला. ही पोकळी उपग्रहाची नव्हती, त्याची होती. मागे कोणीतरी हसत होतं, पक्षी ओरडत होते, कुठेतरी सायकलची घंटा वाजली. 'बंदर छान आहे,' तो म्हणाला.

मी 'इथून' या शब्दाची वाट बघितली. तो आला नाही.